गव्हर्नरला गंध

आप्पांनी मला नावानं हाक मारलेली फारशी आठवत नाही. माझं नाव चंद्रभागा, घरात चंद्री, पण परसातल्या शेडमधून जी हाक यायची ती एकच, "हात कुठें गे?" ती आली की घास ताटात टाकून मी पळायची. आप्पा, माझे वडील, गिंडीच्या औद्योगिक इस्टेटीत एका छोट्या कारखान्यात लेथवर होते, आणि सुट्टीच्या दिवशी घरी, ताडपत्रीखाली, लोकांची रुसलेली इंजिनं समजावून परत पाठवायचे. त्यांचा हात म्हणजे वरवंटा. तो जिथं शिरत नसे तिथं माझा शिरे. आत जाऊन एखादी खीळ धरून ठेवायची, पडलेला नट चाचपून काढायचा, वॉशर अंधारात चढवायचा. डोक्यावरून मीनंबाक्कमला उतरणारी विमानं जात, भांडी थरथरत, आणि मी खांद्यापर्यंत कुणाच्या तरी इंजिनात. इतर मुली शाळेत नाचात आणि गाण्यात पहिल्या येत. मी फटीत पहिली येई. आणि याचा मला इतका तोरा होता की परीक्षेच्या आधी मुली देवाला नमस्कार करतात तशी मी आपल्याच उजव्या हाताकडे बघत असे. आज ती मुलगी समोर आली तर मी तिला एक चापट देईन आणि मग पोटाशी धरीन. क्रम हाच.

त्या वर्षी कोवलमहून अंतोणी आपला ट्रॅक्टर घेऊन आला. अंतोणी मासेमारीच्या होड्यांचा मालक, काळा, उंच, मिशा मात्र पांढऱ्या. त्याच्या किनाऱ्यावर होड्या वाळूवरून वर ओढायला तो एकच ट्रॅक्टर होता, आणि तो तेव्हाही म्हाताराच होता: पेट्रोलवर सुरू व्हायचा, तापला की रॉकेलवर चालायचा. आता त्याला धाप लागली होती. इंजिन एकदा ओरडे, मग दम तुटल्यासारखं खाली बसे, पुन्हा ओरडे. होडी अर्ध्या वाळूवर आली असताना असा हिसका बसला की दोर तुटतो आणि होडी माणसांसकट मागे घसरते. "मळै वरुम, अय्या," अंतोणी आभाळाकडे बोट करून म्हणाला. पाऊस येणार. आमच्याकडचा मोठा पाऊस दसऱ्यानंतरचा, आणि त्याच्याआधी सगळ्या होड्या वर हव्यात. आप्पांनी इंजिनाच्या पोटाला कान लावला, एक दांडी दोन बोटांत धरून हलवली आणि म्हणाले, "याचा गव्हर्नर थकलाय." आमच्या शेजारच्या मामी कुंपणापलीकडून घाबरून म्हणाल्या, "अय्यो, हळू बोला! राजभवन जवळच आहे."

गव्हर्नर म्हणजे काय हे मला माझ्या नातीला सांगावं लागलं. ती ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे, आणि तिच्या गाड्यांत अशी दांडीच नसते म्हणे, पायाचं म्हणणं तारेतून जातं. मी तिला म्हटलं, फुगडी घालणाऱ्या दोन मुली डोळ्यांपुढे आण. वेग वाढला की त्या बाहेर झुकतात ना? तशी दोन लोखंडी वजनं इंजिनाबरोबर गिरक्या घेत असतात. वेग फार झाला की ती बाहेर फाकतात, एक दांडी ओढतात, आणि ती दांडी कार्ब्युरेटरमधली पाकळी मिटवते. वेग कमी झाला की वजनं आत येतात, स्प्रिंग पाकळी उघडते. अंतोणीच्या ट्रॅक्टरात खारी हवा आणि वाळू खाऊन खिळा झिजल्या होत्या, दांड्यांची गोल भोकं अंड्यासारखी झाली होती. त्यामुळं वजनं काय सांगतात ते पाकळीला उशिरा कळे, आणि कळे तोवर वेळ गेलेली असे. नात म्हणाली, "आज्जी, लेटन्सी." मी म्हटलं, असेल बाई, आम्ही झीज म्हणायचो.

आणि त्याच महिन्यात आमच्या घरात वहिनी आली होती. अण्णा, माझा मोठा भाऊ, रेल्वेच्या नोकरीत अरक्कोणमला. आठवड्यातून एकदा घरी. त्याची बायको सुमन, मिरजेजवळच्या मळ्यातली. आम्ही तंजावरचे; आमचं मराठी कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलं आणि तमिळ पाण्यात मुरलं. पहिल्या आठवड्यात तिला आमचं बोलणं ऐकून हसू येई आणि आम्हाला तिचं. पण दुसऱ्या आठवड्यात सगळे तिचे झाले. अम्मा तिला शेजारी बसवून डांगर पच्चडीला उडदाचं पीठ किती खरपूस भाजायचं ते दाखवी, जे मला कधी दाखवलं नव्हतं (मी कधी विचारलं नव्हतं, हे त्या वेळी लक्षात आलं नाही). मांजर तिच्या मांडीवर बसे. आमचं मांजर, जे माझ्या मांडीवर बसायला लाच घ्यायचं! आणि ती मला, चौदा वर्षांच्या मुलीला, "अहो वन्सं" म्हणे. तिच्याकडची रीत. मला ते आतून फार आवडे, म्हणून मी वरून तोंड वाकडं करी.

तरी शेड माझी होती. अम्मानं ठणकावलं होतं, सून आणि काजळी एकत्र चालायची नाही. मग तो दिवस आला. आप्पांनी कारखान्यातून झिजलेली भोकं पितळेनं भरून नव्यानं पाडून आणली होती, नव्या खिळा, गनमेटलचं नवं बुश, ज्याच्यात दांडी कागदाइतक्या फटीनं फिरावी. आता वजनांची ओढ दांडीपर्यंत नेणारा गव्हर्नरचा चिमटा आत बसवायचा होता, आणि त्याला वाट एकच, पंखा आणि रेडिएटर यांच्यामधून. "हात कुठें गे?" मी आले. हात घातला. मनगटाच्या अलीकडे अडला. साबण लावला. अडला. खोबरेल लावलं. पुन्हा तिथंच. आप्पांनी माझा हात बाहेर काढून उजेडात धरला, जशी झिजलेली खीळ धरून बघत तसा, आणि हसून म्हणाले, "हा वाढला की. पोदुम." पुरे. त्यांना वाटलं ते कौतुकानं म्हणाले. मला वाटलं मला भंगारात काढलं.

तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. वहिनी चहा घेऊन आली होती आणि जायचं सोडून इंजिनाकडे बघत उभी होती. "मामंजी, मी बघू?" आप्पा दचकले. ती खाली मान घालून म्हणाली, "आमच्या मळ्यात विहिरीवर ऑईल इंजिन आहे. वडील मलाच हात घालायला लावत." आप्पांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, अम्मा दिसली नाही, आणि त्यांनी मान हलवली. वहिनीनं हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, पदर खोचला, आणि हात आत गेला. असा गेला जसा साप बिळात जातो. चिमटा बसला, खीळ बसली. "शाब्बास सूनबाई," आप्पा म्हणाले. मला आठवलं की मला त्यांनी शाब्बास कधी म्हटलं नव्हतं. हाताला कोण शाब्बास म्हणतं?

त्यानंतरच्या दिवसांत माझ्या डोक्यात काय काय शिजलं ते लिहायला हा कागद पुरायचा नाही. मी भात कमी खायला लागले, म्हणजे हात बारीक होईल. रात्री मनगटाला घट्ट फडकं बांधून झोपले आणि सकाळी बोटं वांग्यासारखी झाली. देवाजवळ मागितलं की वहिनीला बाळ होऊ दे, लवकर, म्हणजे ती जाडी होईल. इतका आशीर्वाद इतक्या वाईट मनानं कुणी दिला नसेल. आणि या सगळ्याच्या मुळाशी होतं मडगार्ड. आप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं की दसऱ्याला ट्रॅक्टर कोवलमला पोचवायचा. आप्पा चालवणार, एका मडगार्डवर अंतोणी, आणि दुसऱ्यावर "ज्याचा हात लागला तो". मी समुद्राच्या रस्त्यानं ट्रॅक्टरवर बसून जाणार हे वर्गात सगळ्यांना सांगून झालं होतं. सांगताना ट्रॅक्टर मीच चालवणार होते.

नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. एकदा गंध लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, स्वयंपाकघरातल्या विळीलासुद्धा; त्या आधीच सगळं चिरून ठेवायचं. पुढच्या खोलीत नवरात्रातला गोलू, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, हरभऱ्याच्या सुंडलचा, म्हणजे कोरड्या उसळीचा, आणि कापराचा वास, आणि मागे शेडमध्ये ट्रॅक्टर आंघोळ घालून, झेंडूचा हार गळ्यात घालून उभा. आप्पा इंजिनियरांच्या वरताण काटेकोर, पण देवापुढे त्यांचा हात सुटायचा. पान्यांना गंध, हातोड्यांना गंध, चाकांना, रेडिएटरला, हॅण्डलला. मग थबकले. "ज्यानं एवढं रडवलं त्याला नको? गव्हर्नरलाही लावायला हवं." आणि ती वाटी, चंदन आणि हळद दाट कालवलेली, त्यांनी माझ्या समोरून नेऊन वहिनीच्या हातात दिली. "तुझाच हात जातो, सूनबाई. भरपूर लाव." वहिनी म्हणाली, "मामंजी, आमच्याकडं इंजिनाच्या टाकीलाच लावतात." "आमच्याकडें सगळ्यांना लावतात," आप्पा म्हणाले. तिनं लावलं. भरपूर. मी हात जोडून उभी होते, आणि देवीला माझं मन दिसत असेल तर तिनं तोंड फिरवलं असेल.

पण देवी अशी की तिनं ऐकलं. दसऱ्याच्या पहाटे वहिनी बाहेरची झाली. म्हणजे परसातल्या खोलीत तीन दिवस वेगळं बसणं, कुणाला शिवायचं नाही, सणाच्या कशालाच हात लावायचा नाही. तिचं ताट लांबून सरकवताना मी इतक्या प्रेमानं सरकवलं की अम्मानं वळून माझ्याकडे पाहिलं. मडगार्ड माझं होतं! मी केसांत मोगरा माळला, चांगला परकर नेसले. अंतोणी धुतलेल्या शर्टात आला. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आप्पांनी हॅण्डल मारला.

इंजिन लागलं. पहिल्यांदा गोड गुरगुरलं. आप्पा माझ्याकडे बघून हसले. मग आवाज चढला. अजून चढला. वजनं आत फाकत असतील, दांडी ओढत असतील, पण पाकळी हलायला तयार नव्हती; इंजिन किंचाळायला लागलं, शेडचे बांबू नाचू लागले, झेंडूचा हार पंख्यात गेला आणि साऱ्यांवर पिवळा पाऊस पडला. बंद करायचं बटण खाऱ्या हवेनं केव्हाच गंजलेलं. अंतोणी छातीवर क्रूस काढतोय, अम्मा ओरडतेय, "अय्यो, फुटेल ते, मागें सरा!" आप्पांनी बादलीतलं ओलं गोणपाट उचललं आणि हवेच्या तोंडावर दाबून धरलं. इंजिन दोनदा गुदमरलं आणि मेलं. त्या शांततेत सगळ्यात आधी कोण बोललं असेल? मी. अंतोणीच्या मिशीत पाकळ्या अडकलेल्या, आणि मी बोट रोखून म्हणते, "वैनीनं गंध फासलंय तिथें! नव्या बुशांत गेलंय!"

गंमत म्हणजे ते खरं होतं. कागदाइतक्या फटीत चंदन-हळद रात्रभर सुकून गिलाव्यासारखी घट्ट झाली होती. पण आप्पा गोणपाट खाली ठेवून म्हणाले, "तिनं नाही फासलं. मी फासायला लावलं. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मग त्यांनी सवयीनं शेडबाहेर बघून विचारलं, "हात कुठें?" आणि त्यांना आठवलं की हात परसातल्या खोलीत बसलाय. अंतोणीनं आभाळाकडे बघितलं. समुद्राच्या बाजूनं ढग चढत होते. त्याच्या दोन होड्या अजून पाण्याच्या काठाला होत्या.

"मी आहें की," मी म्हटलं. हात घातला. अडला, त्याच जागी. ढकलला. सोलवटला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

"वन्सं," परसातल्या खोलीच्या गजांमागून आवाज आला. तिची खिडकी शेडसमोरच उघडे.

"काय गे?"

"मूठ वळताय तुम्ही."

"नाही वळत!"

"वळताय. इथून दंड दिसतोय मला, कसा फुगलाय. भांडायला निघाल्यासारखा. बांगड्या भरताना कासार काय सांगतो?"

"आमच्याकडें कासार येत नाही. दुकानांतनं मोठ्या बघून आणतों."

"तरीच!" ती हसली असावी. "ऐका. अंगठा तळव्यात निजवा. करंगळी त्याच्या अंगावर. आता हात आपला नाहीच असं समजून सोडून द्या. मेला म्हणा हवं तर."

"सणाच्या दिवशीं काय बोलतीस गे!" अम्मा ओरडली.

"बरं, झोपला म्हणा. आणि ढकलू नका. नुसतं खाली टेकू द्या, तो आपणहून जाईल."

मला तिचं ऐकायचं नव्हतं. आयुष्यात दुसऱ्या कशाचीही मला इतकी अनिच्छा वाटलेली नाही, औषधाचीसुद्धा. पण अंतोणी माझ्याकडे बघत होता आणि आप्पा बघत नव्हते, जे अधिक वाईट. मी अंगठा निजवला. खांद्यापासून हात सोडून दिला. आणि तो मूर्ख हात, ज्याला मी उपाशी ठेवलं, बांधलं, तेल चोपडलं, तो कुरकुरत, कातडं थोडं मागे ठेवून, आत गेला.

"गार लागतंय का डावीकडं? ते गव्हर्नरचं घर. त्याच्याखाली दांडी बाहेर येते, तिथं. आता बोटं उघडा." मला खरखरीत, सुकलेली कणीक लागावी तसं लागलं. मी नखांनी खरवडलं. आप्पांनी वरून पिचकारीनं रॉकेल सोडलं, मी दांडी मागे-पुढे करत राहिले, कोपरावरून पिवळा चिखल माझ्या चांगल्या परकरावर गळत राहिला, आणि पुष्कळ वेळानं दांडी स्वतःच्या वजनानं खाली पडली. टक. एवढासा आवाज. आप्पांनी तो ऐकला, खिडकीतल्या वहिनीनंही ऐकला असावा, कारण बांगड्या वाजल्या. या खेपेला इंजिन लागलं ते गुरगुरलं, थोडं चढलं, आणि स्वतःला आवरून एका जागी स्थिर झालं. आप्पांनी हाताचा लीव्हर वर नेला, वर गेलं. खाली आणला, खाली आलं. सांगितलेलं ऐकत होतं.

मी मडगार्डवर बसून कोवलमला गेले. सुरूची बनं, ताडांच्या रांगा, बसमधले लोक खिडकीतून माना काढून बघताहेत, मोगरा वाऱ्यानं केव्हाच गेला, आणि मी राणीसारखी, पिवळ्या डागांच्या परकरात. अर्ध्या रस्त्यात आप्पा वळले आणि इंजिनावरून ओरडून म्हणाले, "ऐकलांस गे? कसं एका सुरांत! सूनबाईनं बसवलंय." आता काय करावं या माणसाला! त्या क्षणी मी उडी मारली असती, पण रस्ता टणक होता. किनाऱ्यावर दोर बांधला. होडीचं वजन आलं तेव्हा इंजिनाचा आवाज किंचित दबला, पुन्हा आपल्या जागेवर आला आणि तिथंच राहिला. होडी हिसका न खाता वाळूवरून वर येत गेली, म्हातारी बाई पायऱ्या चढते तशी, आपल्या चालीनं. अंतोणीनं बॉनेटवर थोपटलं. दुसरी होडी वर आली आणि पावसाचे थेंब पडले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा वहिनी परसदारी, उंबऱ्यापलीकडे बसली होती. रस्ताभर मी वर्णन जुळवलं होतं, तिच्या पोटात दुखेल असं. पण तिला बघितलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "काही नाही गे. धूळ आणि मासळीचा वास. तुझं काही हुकलं नाही."

"हो का? मग तोंड का असं फुललंय?" ती म्हणाली. आणि मग, "हात दाखवा."

मी लांबूनच दाखवला. अंगठ्याच्या बुंध्याशी, रेडिएटरच्या पत्र्यानं काढलेली, नखाएवढी लाल खोक. तिनं आपल्या बांगड्या वर सारल्या आणि लांबूनच आपला हात दाखवला. त्याच जागी, तशीच खोक, बरी होत आलेली, वर हळद दाबलेली.

"तुझा तर सहज गेला होता," मी म्हटलं.

"कुठला सहज! जीव गेला होता माझा. पण ओरडले असते तर मामंजींनी परत बोलावलं असतं का? या घरात मला हाक येते ती एक तिथूनच." ती, तीन दिवस कशालाच शिवायचं नसलेल्या, आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. "सकाळी तुम्ही ढकलत होता ना, तेव्हा मला वाटलं, जाऊ नये. तुमचा गेला की माझं काय राहिलं?"

"मग सांगितलंस कशाला?"

"ते इंजिन ओरडलं ना वन्सं, मला आमची विहीर आठवली. राहवलं नाही."

शिवायचं नव्हतं, म्हणून उंबऱ्याच्या अलीकडे, तिच्या हाताच्या जरा लांब, बसून राहिले. आणि तिथं बसून माझ्या मनात काय आलं असेल? काहीतरी मोठं, समजूतदार यायला हवं होतं. आलं ते हे, की जखमसुद्धा हिला माझ्याआधी झाली.

ते घर पाडून आता तिथं चार मजली इमारत आहे. मी खाली राहते, वहिनी वर. अण्णा नाही, आप्पा नाहीत, "हात कुठें" म्हणणारं कुणी नाही. बाटलीचं झाकण अडलं की आम्ही एकमेकींना फोन करतो. तिचा तो व्रण सुरकुत्यांत हरवला. माझा अजून स्पष्ट आहे. परवा दिव्याखाली दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून मी तो तिला मुद्दाम दाखवला. तिनं चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही खरवडता त्याला."

छे. मी कशाला खरवडू? क्वचित.